वासे की वाशे?

कौलारू छप्पर दुरुस्तीला काढलेल्या एका घरमालकांचा प्रश्न आहे: 'मिस्त्री म्हणतात, आढं ठीक आहे, वाशे बदलावे लागतील, रिपा नव्या टाकू. यातलं काय म्हणजे काय? आणि वासे की वाशे?'

आधी शेवटचं. वासे! मासा-मासे, तसा वासा-वासे. 'श' येतो तो सामान्यरूपात: वाशाला, वाशांवर. मिस्त्री वाशे म्हणाले तर म्हणू देत, त्यांचा हात करवतीवर बसलेला. पण 'खाल्ल्या घरचे वाशे मोजणे' छापलेलं दिसतं तेव्हा माझं डोकं फिरतं.

माथ्यावरचं आडवं लाकूड ते आढं. तिथून उतरत भिंतीकडे येतात ते वासे. झालं.

आता खरी गंमत. जुन्या पुस्तकांत हा शब्द 'वांसा' असा भेटतो. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार पुसले आणि त्या टिंबाबरोबर बांबूही गेला. वासा म्हणजे संस्कृत वंश, बांबू. बासरीसुद्धा त्याच बेटातली. 'जिथे वास करायचा त्या घराचा तो वासा' असं ठणकावून सांगणाऱ्या विद्वानांनी हे टिंब कुठून आलं तेवढं सांगावं. अथर्ववेदाच्या शालासूक्तात 'ऋतेन स्थूणामधि रोह वंश' असं आहे: वंशा, खांबावर रीतीनं चढ. खांबांवर चढतं ते तर आढं! माझ्या मते नाव आधी माथ्यावर होतं, मग उतारानं वाशांवर आलं. पाठीच्या कण्याला पृष्ठवंश म्हणतात तेही बघा: मधे आढं, दोन्ही बाजूंना बरगड्यांचे वासे.

आणि 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात'? चौकोनी कापून खिळ्यांनी ठोकलेलं लाकूड कशाला फिरेल? गोल बांबू सुंभानं बांधलेला असेल, तर बांध सैल पडल्यावर जागच्या जागी गरकन फिरतो. ही म्हण बांबूच्या छपराखालीच जन्मली असणार. तर्क माझा आहे, आणि मी तो सोडणार नाही.

हां, रिपा राहिल्याच. वाशांवर आडव्या ठोकतात त्या पट्ट्या. कौल त्यांना अडकतं. आणि बिलात लिहिलेले वासे एकदा मोजून घ्या. घर तुमचंच आहे, कोणी कृतघ्न म्हणणार नाही.