नळी, सिरिंज आणि गाडीच्या पोटातली तेलं

घरच्या घरी गाडीतलं पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइल कसं उपसावं, याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : आठ महिने गावी उभ्या असलेल्या पेट्रोल गाडीत दहा-बारा लिटर जुनं पेट्रोल आहे. काढायला नळी घातली, तर दीडेक फुटावर अडते. शेजारी म्हणतात, बारीक नळी घाला आणि तोंडानं ओढा. काय करावं?
– वाचक, कराड

शेजाऱ्यांचं ऐकू नका. तोंडानं ओढताना घोट कधी येतो ते कळत नाही. पेट्रोल इतकं पातळ असतं की पोटात जाण्याआधी श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. कुणी चुकून गिळलंच, तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते पुन्हा छातीत जायची भीती असते. खोकला नसला तरी थेट दवाखान्यात न्या. त्रास काही तासांनीही सुरू होतो.

नळी अडते ती बिघाडामुळे नव्हे. गाडी उलटली तर इंधन सांडू नये म्हणून हल्लीच्या गाड्यांत टाकीच्या गळ्यात झडप किंवा जाळी असते. बारीक नळी रेटून आत गेली तरी परत येताना झडपेत अडकते. मग पूर्ण टाकी उतरवावी लागते. दहा लिटर पेट्रोलपेक्षा ते फार महाग पडतं.

मुळात काढायची गरज आहे का, ते आधी बघा. टाकीत ताजं वीस-पंचवीस लिटर भरलं की जुनं त्यात मुरतं, आणि बहुतेक गाड्या तक्रार करत नाहीत. पेट्रोलला जुन्या रंगासारखा वास येत असेल किंवा टाकीत पाणी गेल्याचा संशय असेल, तरच उपसा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून तळाला बसतात. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत तासभर स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर वरून ताजं भरून भागणार नाही.

ज्या गाडीत किंवा स्कूटरमध्ये नळी आत जाते, तिथे मधोमध रबरी फुगा असलेली हातपंपाची नळी वापरा. नळीचं टोक तळाला टेकवा (पाणी आणि गाळ तिथेच असतो) आणि कॅन टाकीच्या तळापेक्षा खाली ठेवा. नाहीतर धार मध्येच थांबेल. ८ मिलिमीटर पोटाची नळी असेल तर दहा लिटरला चार-पाच मिनिटं लागतात. कॅन पत्र्याचा घ्या आणि जमिनीवरच ठेवा. नळी त्याच्या तळापर्यंत सोडा, म्हणजे पेट्रोल उंचावरून पडून स्थिर विजेची ठिणगी उडणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बेसमेंटमध्ये, गटारात, पायरीखाली साचून राहते, म्हणून उघड्या अंगणातच काम करा. विडी-सिगारेट तर नकोच, पण डासांची कॉइल आणि देवाजवळची निरांजनंही आधी विझवा.

झडपवाल्या गाडीत मागची सीट उचलून इंधनपंपाचं झाकण उघडणं हा मार्ग उरतो. तिथे दाबाखालची लाइन सोडवावी लागते आणि टाकी उघडी पडते. हे काम मेकॅनिकवर सोपवा. काढलेलं पेट्रोल साठवायलाही मर्यादा आहे : १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार, विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, आणि काचेच्या एका भांड्यात एका लिटरहून जास्त नाही.

प्रश्न : पंपावर डिझेल गाडीत चुकून सहा लिटर पेट्रोल पडलं. टाकी भरून डिझेल घेतलं तर चालेल का?
– वाचक, जालना

नाही. जुन्या डिझेल इंजिनांत असं थोडंबहुत खपून जायचं, म्हणून हा समज टिकून आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून फार दाबाखाली डिझेल मिळतं) उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलनं ते धुतलं जातं, पंप घासतो, आणि धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. म्हणून किल्ली फिरवूच नका, स्टार्टर तर लांबच. नुसत्या ऑनवरही टाकीतला छोटा पंप पेट्रोल पुढे ढकलू लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून घ्या.

प्रश्न : ब्रेक ऑइल काळं पडलं आहे. डबीतलं सिरिंजनं काढून नवं भरलं की झालं का?
– वाचक, महाबळेश्वर

अर्धंच झालं, किंबहुना पावसुद्धा नाही. इंजिन ऑइलसारखं ब्रेक ऑइल फिरत नाही. पेडल दाबलं की थोडं पुढे, सोडलं की मागे, एवढंच. डबीत मावतं शे-दीडशे मिली, आणि सगळ्या ब्रेकमध्ये मिळून साधारण अर्धा लिटर. जे सर्वांत जास्त तापतं ते चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागात, तसंच राहतं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १५५च्या आसपास. आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल, तर कॅलिपरमध्ये वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. डबीतलं ऑइल सोन्यासारखं पिवळं दिसत असलं तरी.

तरीही सिरिंजची पायरी उपयोगी आहे. मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज आणि बोटभर नळी घ्या. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. आतल्या जाळीला टोक लागू देऊ नका. तळाशी बोटभर ऑइल शिल्लक ठेवा. खालचं भोक उघडं पडलं की हवा शिरलीच. मग सीलबंद बाटलीतलं नवं ऑइल भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. नेहमीचा क्रम लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डावीकडून. पण पुस्तिकेत वेगळा असेल तर तोच. ब्लीडर नट (चाकाजवळच्या ब्रेकवरचा, ऑइल आणि हवा बाहेर सोडणारा) पाव फेरा सोडा आणि पारदर्शक नळीचं टोक थोडं नवं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. गाडीत बसलेल्यानं पेडल हळू दाबून धरायचं. नट आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचं) रबर कधी न वापरलेल्या, गंजक्या भागावर घासून फाटतं. पाच-सहा दाबांनंतर डबी बघत राहा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर काही गाड्यांत स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही.

ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर चोळू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. नवे पॅड बसवतानाही तीच सिरिंज कामी येते. पिस्टन मागे ढकलला की डबी ओसंडते, म्हणून आधी थोडं काढून ठेवा.

प्रश्न : गॅरेजमध्ये इंजिन ऑइल जास्त भरलं. पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर दिसतं. सायफननं निघेल?
– वाचक, अकोला

सायफन होणार नाही, कारण ऑइलची तळी म्हणजे इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग. नळीचं दुसरं टोक त्याहून खाली नेताच येत नाही. पट्टीच्या वाटेनं ६ मिलिमीटरची नळी घालून सिरिंज किंवा हाताचा व्हॅक्युम पंप लावा. इंजिन कोमट असू द्या. गार ऑइल बारीक नळीतून फार रेंगाळतं. पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत एका लिटरच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घ्या. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून माप बघा. क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ऑइलमध्ये बुडून फेस करतो, म्हणून जास्त ऑइल तसंच ठेवून फिरू नये.

बीएस-६ डिझेल असेल आणि कुणी न भरता पातळी वाढली असेल, तर गोष्ट वेगळी. गाडी चालताना आपोआप होणारी धुराच्या फिल्टरची सफाई मध्येच तुटत राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तिथे थोडं उपसून भागत नाही. ते पातळ झालेलं असतं, सगळंच बदला.

प्रश्न : काढलेली तेलं कुठे टाकायची?
– वाचक, पेण

वाळवीसाठी लाकडाला फासणं किंवा गटारात ओतणं, दोन्ही नको. इंजिन ऑइल वेगळ्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. तिथून ते पुनर्शुद्धीकरणाला जातं. त्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू नका, मग ते कुणी घेत नाही. कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. चवीला ते गोड असतं आणि विषारी. कुत्री ते चाटतात, आणि लहान मुलांना ते सरबतासारखं दिसतं.