एसव्हीजी पाथ उलटा केल्यावर कंस भलत्याच बाजूला का फुगतो?

एसव्हीजी या चित्र-फॉरमॅटमध्ये पाथ म्हणजे आकार काढणाऱ्या एकाक्षरी कमांडची यादी. तोच आकार शेवटाकडून सुरुवातीकडे काढायचा म्हणजे पाथ उलटायचा. तुम्ही विचारलंत त्याप्रमाणे तुमच्या कोडमध्ये रेषा आणि ‘सी’ वक्र (दोन नियंत्रण बिंदूंचे) नीट उलटतात, फक्त कंस बिघडतो, म्हणजे दोष जवळपास नक्की स्वीप फ्लॅगमध्ये आहे. नुसते बिंदू उलट्या क्रमाने लावून भागत नाही. कंस काढणाऱ्या ‘ए’ कमांडमधला हा फ्लॅग (० किंवा १) कंस कोणत्या दिशेने फिरतो ते सांगतो. दिशा बदलली की तोही बदलायलाच हवा.

मूळ: एम ० ० ए ५० ५० ० ० १ १०० ०
उलट: एम १०० ० ए ५० ५० ० ० ० ० ०

इथे ‘एम’ म्हणजे सुरुवातीचा बिंदू. शेवटच्या बिंदूच्या आधीचा १ चा ० झाला, तोच स्वीप फ्लॅग. तो १ च ठेवलात तर वरचं अर्धवर्तुळ खाली जाईल. त्रिज्या, फिरवण्याचा कोन आणि लार्ज-आर्क फ्लॅग (मोठा कंस घ्यायचा की छोटा, ते सांगणारा) यांना मात्र हात लावू नका.

आधीच्या वक्राला सलग जोडून पुढचा वक्र काढणारे ‘एस’ आणि ‘टी’ जास्त फसवे आहेत. त्यांचा (पहिला) नियंत्रण बिंदू, म्हणजे वक्राचा बाक ठरवणारा बिंदू, आधीच्या तुकड्यावरून काढला जातो, आणि उलटल्यावर तो आधीचा तुकडाच वेगळा असतो. म्हणून आधी सगळं ॲब्सोल्यूट करा (अंतरं मागच्या बिंदूपासून सापेक्ष न मोजता थेट निर्देशांक द्या), ‘एस’चे ‘सी’ आणि ‘टी’चे ‘क्यू’ (एका नियंत्रण बिंदूचा वक्र) करा, मगच उलटा. सापेक्ष कमांड तशाच ठेवून उलटण्याच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छिद्र असलेला आकार असेल तर सगळे उपपाथ (पाथमधले सुटे आकार) उलटा. उपपाथांच्या दिशेवरून कुठे रंग भरायचा ते ठरवणाऱ्या नॉनझिरो नियमात एकच उलटलात तर छिद्र भरून जातं.