‘श्रेय’ आणि ‘गौरव’

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे उपासनेसाठी जमलेल्या समुदायात, साक्ष देताना (देवाने आपल्यासाठी काय केले हे सांगताना) कोणी ‘या यशाचे श्रेय देवाला जाते’ असे म्हणतो, तर कोणी ‘देवाचा गौरव असो’ असे म्हणतो. हे दोन्ही एकच आहे का, आणि नम्रता कोणत्या शब्दात अधिक आहे?

माझ्या मते दोन्ही प्रयोग योग्य आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. ‘श्रेयस्’ म्हणजे मुळात ‘अधिक चांगले’. कठोपनिषदात ते ‘प्रेयस्’च्या, म्हणजे नुसत्या प्रिय वाटणाऱ्या गोष्टीच्या, समोर ठेवलेले आहे. आजच्या मराठीत मात्र श्रेय म्हणजे एखाद्या कार्यातील कर्तेपणाचा मान. तो देता येतो, घेता येतो, वाटून घेता येतो आणि लाटताही येतो. म्हणूनच ‘श्रेय देवाला’ एवढेच म्हटले, तर देव अनेक वाटेकऱ्यांपैकी एक ठरण्याचा धोका राहतो. शिवाय ‘श्रेय जाते’ ही रचना मला परकी वाटते. ‘श्रेय देवाचे आहे’ हे अधिक सरळ मराठी आहे.

‘गौरव’ हा शब्द ‘गुरु’ म्हणजे जड, वजनदार यापासून झाला आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘काबोद’ (गौरव, महिमा) हा हिब्रू शब्दही ‘जड असणे’ याच अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि दोन दूरच्या भाषांनी महिमा सांगण्यासाठी वजनाचीच कल्पना निवडावी, याचे मला नेहमी नवल वाटते. देवाचा गौरव करणे म्हणजे त्याला नवे मोठेपण बहाल करणे नव्हे. जे वजन त्याचे आहेच, ते मान्य करणे होय. यहोशवाच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात, मना केलेली लूट चोरून लपवणाऱ्या आखानाला ‘परमेश्वराचा गौरव कर’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याच्याकडून स्तुतिगीत अपेक्षित नसते, तर लपवलेल्या गोष्टीची खरी कबुली अपेक्षित असते.

नम्रतेचा प्रश्न मला इथेच सुटताना दिसतो. ‘मी काहीच केले नाही’ असे म्हणणे नम्र वाटले, तरी रात्ररात्र जागून अभ्यास केलेल्या माणसाच्या तोंडी ते खरे नसते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात प्रेषित पौल आपण इतर प्रेषितांपेक्षा अधिक श्रम केले हे स्पष्ट सांगतो, आणि लगेच ते श्रम आपले नसून आपल्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेचे आहेत, असेही म्हणतो. त्याने श्रम नाकारलेले नाहीत. त्यांचा उगम सांगितला आहे. स्वप्नाचा अर्थ विचारणाऱ्या फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, योसेफही ‘हे माझ्याकडून नाही’ असे आधी सांगतो आणि मग तो अर्थ नेमका उलगडून दाखवतो.

‘नम्र’ आणि ‘लीन’ यांतही थोडे अंतर आहे. ‘नम्’ म्हणजे वाकणे. ते बाहेरून दिसते. ‘ली’ म्हणजे चिकटून राहणे, विरून जाणे. ते आतले आहे. मत्तयाच्या 11व्या अध्यायात मराठी बायबल येशूच्या तोंडी ‘मनाचा लीन’ असे शब्द घालते, आणि ती निवड मला फार अचूक वाटते.

तेव्हा साक्ष देताना ‘मी कष्ट केले, ते करण्याचे बळ देवाने दिले, त्याचा गौरव असो’ असे म्हणावे, असे मी सुचवेन.