रायफल एकदाच घ्याल, काडतुसं दर महिन्याला

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदार वाचकाचं मोठं पत्र आलं आहे. त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते: "मुलगी 22 वर्षांची, एम.एस्सी. करते. एनसीसीत असताना पॉइंट टू-टू (.22) रायफल हातात आली, तेव्हापासून नेमबाजीचा ध्यास घेतला आहे. तीन वर्षं 10 मीटर एअर रायफल खेळते. आता तिला 50 मीटरमध्ये उतरायचं आहे. ओळखीतून वापरलेली जर्मन मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल साडेचार लाखांना मिळते आहे. सहकारी बँकेत 9 लाखांची मुदतठेव आहे. माझे थोरले भाऊ म्हणतात, टू-टू कशाला, त्यापेक्षा .315 ची मोठी रायफल घे; पोरगी नेम मारील आणि रानडुकरांचाही बंदोबस्त होईल. डुकरं दर वर्षी केळी आणि सुपारीची रोपं धरून 70 हजारांची नासाडी करतात. घरखर्च भागून महिन्याला 28 हजार शिल्लक राहतात. ठेव मोडू का?"

पत्रासोबत तुम्ही विक्रेत्यांकडून आणलेले भावही जोडलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. एअर रायफलच्या पेलेटचा, म्हणजे छोट्या गोळ्यांचा, 500 चा डबा 1,100 रुपये. .22 चं सरावाचं काडतूस 18 रुपये, स्पर्धेच्या दर्जाचं 42 रुपये. .315 चं काडतूस 160 रुपये. पुढचे सगळे हिशेब या भावांवर केले आहेत.

आधी थोरल्या भावांच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, कष्टाने लावलेली बाग डोळ्यांदेखत उकरलेली पाहणं सोपं नसतं. पण "एका खर्चात दोन कामं" इथे होत नाहीत. त्यात एकही काम होत नाही. 50 मीटरच्या रायफल स्पर्धेत .22 लाँग रायफल हेच काडतूस चालतं, म्हणजे 5.6 मिलिमीटरचं. .315 घेऊन मुलगी त्या रांगेत उभीच राहू शकत नाही. आणि सरावापुरतीच वापरायची म्हटलं, तरी 80 गोळ्यांच्या एका बैठकीचे 12,800 रुपये होतात. तोच सराव .22 वर 1,440 रुपयांत होतो.

राहिली डुकरं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका झाला म्हणून जनावर मारायचं, तर वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हातात शस्त्रपरवाना आहे म्हणजे शिकारीचा परवाना आहे, असं नाही. परवानगीविना डुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यासाठी वापरलेलं शस्त्र सरकारजमा. तुमच्याकडे गवेही येतात. रात्रीच्या अंधारात बांधापलीकडे हललेलं जनावर गवा निघाला, तर तो पहिल्या, सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला, तिथे कैद किमान तीन वर्षांची आणि सात वर्षांपर्यंतची. घरातल्या कर्त्या माणसावर अशी वेळ आली तर त्याची भरपाई कोणत्याही मुदतठेवीतून होत नाही. म्हणून शिकारीच्या काडतुसांसाठी माझ्या हिशेबात शून्य रुपये.

तरीही काडतुसांतला फरक समजून घ्या, कारण विक्रेता "हे जोरदार आहे" म्हणून महागडा माल पुढे करतो आणि आपण जास्त किंमत म्हणजे जास्त चांगलं असं धरून चालतो. शिकारीची गोळी मोठ्या जनावराला एका फटक्यात, यातना न होता पाडण्यासाठी बनवलेली असते. तिचं शिशाचं टोक उघडं असतं, आत शिरताच ते फुलतं. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी फुलत नाही, आरपार जाते. बारा बोरच्या (छर्ऱ्याच्या बंदुकीच्या) काडतुसात मोठे किंवा बारीक छर्रे, नाहीतर एकच जाड गोळी. या सगळ्यांत पैसा जातो तो दारूच्या जोरात आणि गोळीच्या घडणीत. कागदाच्या निशाणाला असला जोर काय कामाचा? तिथे हवा तो सारखेपणा. पहिली गोळी ज्या वेगाने सुटली त्याच वेगाने साठावी सुटली पाहिजे, बस्स.

हा सारखेपणा किती महाग आहे ते पाहू. मॅचच्या .22 काडतुसात साधारण 40 ग्रेन, म्हणजे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी असते. ती सेकंदाला 320 ते 330 मीटर वेगाने निघते. मुद्दामच आवाजाच्या वेगापेक्षा कमी, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. "हाय व्हेलॉसिटी" छापलेलं पाकीट म्हणून मॅचसाठी घेऊ नका, ते कितीही आकर्षक दिसलं तरी. आता समजा दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला. 50 मीटरवर पोहोचेपर्यंत हळू गोळी सुमारे 8 मिलिमीटर जास्त खाली येते. 50 मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे आणि नऊचं 26.4 चं. म्हणजे एक वर्तुळ ओलांडायला लागतात बरोबर 8 मिलिमीटर. मुलीने काहीही चूक केलेली नसताना दहाचे नऊ होतात. 42 रुपये घेतले जातात ते हा फरक कमी करण्यासाठी.

पण जिचा हात अजून नऊ-आठात फिरतो आहे, तिला 42 रुपयांचं काडतूस काही शिकवत नाही. 50 मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून प्रत्येकी 20 अशा 60 गोळ्या असतात. पहिलं वर्ष बहुतेक जणांचं गुडघ्यावर बसताना घोट्याखाली घ्यायची गुंडाळी, रायफल हाताला जखडणारा पट्टा आणि श्वास जमवण्यात जातं. त्या वर्षात 18 रुपयांचं काडतूस तुमच्या लेकीला जे शिकवील तेच 42 चं शिकवील.

आता खरा हिशेब. आठवड्यातून दोन दिवस .22 चा सराव, दर वेळी 80 गोळ्या, वर्षाचे 45 आठवडे. झाल्या 7,200 गोळ्या. सगळ्या स्पर्धेच्या दर्जाच्या घेतल्या तर 3,02,400 रुपये. पाचांतल्या चार सरावाच्या आणि एक स्पर्धेची अशी वाटणी केली तर 1,03,680 अधिक 60,480, म्हणजे 1,64,160. महिन्याला 13,680. तुमच्या शिल्लक 28 हजारांतले जवळपास निम्मे.

याच वाटणीने तीन वर्षांची काडतुसं होतात 4,92,480 रुपयांची, म्हणजे रायफलीपेक्षाही जास्त. 9 लाखांतून साडेचार रायफलीला दिले तर उरलेले साडेचार काडतुसांतच संपतील, आणि त्यात चोर्ला घाटातून कोल्हापूर किंवा पुण्याच्या बालेवाडीच्या रेंजवर जाण्याचा, राहण्याचा, प्रवेशशुल्काचा एक पैसाही धरलेला नाही. म्हणून रायफल परवडते का, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, दर महिन्याला 13,680 रुपये ठेवीला हात न लावता निघतात का? तुमच्या पत्रावरून वाटतं की निघतात. तर मग मुलीला 50 मीटरमध्ये जरूर उतरवा. पैशांपायी तिला थांबवण्याचं कारण मला दिसत नाही.

फक्त क्रम बदला. पहिलं वर्ष क्लबची रायफल वापरा. पुढच्या महिन्यापासून 13,680 रुपये वेगळ्या खात्यात टाका आणि काडतुसं, रेंजचं शुल्क, प्रवास सगळं त्यातूनच करा. खातं अपुरं पडलं तर वर्षभर आधीच कळेल, तेही साडेचार लाख अडकवण्यापूर्वी. मॅच रायफल वापरलेली असली तरी किंमत टिकवते हे खरं, पण ती कधी विकायची झाली तर परवानाधारकालाच विकता येते. सोन्यासारखी सकाळी नेऊन दुपारी मोडता येत नाही.

एअर रायफल सोडायला मात्र सांगू नका. पेलेट पडतो 2 रुपये 20 पैशांना. आठवड्यातले चार दिवस 80-80 मारले तरी वर्षाचे 31,680 रुपये होतात, आणि तो खर्च तुम्ही आजही करताच आहात. 4.5 मिलिमीटरच्या, गोळीची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे ती घरीच सरावाला घेता येते. शिवाय रिकाम्या नळीचा सराव, ज्याला नेमबाज "ड्राय" म्हणतात, तो फुकट. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं तेव्हा गोव्यातल्या कितीतरी पालकांनी मला रायफलींचे भाव विचारले. ट्रिगर कोरा दाबून घालवायच्या तासांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि खरी बचत तिथेच आहे.

काडतुसं कशी घ्यावी याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसा इथेच गळतो. ती 50 च्या पाकिटात येतात, दहा पाकिटांचा मोठा खोका होतो. पाकिटावर लॉट क्रमांक, म्हणजे माल कोणत्या खेपेत बनला त्याचा क्रमांक, छापलेला असतो, तो बघायची सवय लावा. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल असूनही एक लॉट एका नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. तेव्हा स्वस्तात मिळतंय म्हणून एकदम हजार उचलू नका. तीन वेगवेगळ्या लॉटचं एकेक पाकीट आणा, रायफल टेकणीवर ठेवून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचे पुंजके) काढा, कागदावर लॉट क्रमांक लिहून ठेवा. जो ग्रुप आवळून बसेल तोच लॉट परवान्याच्या मर्यादेत घ्या. वर्षाला आणि एका वेळी किती काडतुसं घ्यायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं. वर्षाला 7,200 त्यात बसतात का, की काही भार क्लबच्या साठ्यावर टाकावा लागेल, हे प्रशिक्षकाला आजच विचारा.

आणि पावसाळा. माझ्या एका परिचितांनी मे महिन्यात भाव चांगला मिळाला म्हणून वर्षाचा साठा घेतला आणि लाकडी कपाटात ठेवला. गणपतीनंतर पाकीट उघडलं तेव्हा मी शेजारीच होते. शिशावरचं वंगण चिकट होऊन त्यावर बुरशीसारखी धूळ बसली होती, पितळ कळकलं होतं, काही काडतुसं नळीत बसेनात. .22 चं काडतूस पुन्हा भरता येत नाही, काठावरच्या स्फोटकामुळे ते एकदा गेलं की गेलंच. आपल्या हवेत तीन महिन्यांपुरता साठा, हवाबंद डबा आणि आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या, असाच बेत ठेवा. मे महिन्यातली सवलत सोडून द्या.

डुकरांसाठीचे पैसे कुंपणात घाला. तुम्ही सौर कुंपणाचा 2,20,000 चा अंदाज आणला आहे. त्याने नुकसान फक्त दोन तृतीयांश थांबलं असं धरलं तरी वर्षाला सुमारे 46,700 वाचतात, म्हणजे पावणेपाच वर्षांत पैसे वसूल, आणि अनुदान मिळालं तर त्याहून लवकर. विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची आणि पीकनुकसानीच्या भरपाईची चौकशी आधी करा, मगच काम सुरू करा. एक खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, तो म्हणजे तारेखालचं रान काढण्याची मजुरी. पावसात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि डुक्कर खुशाल आत येतं. आणि घरगुती वीज थेट तारेत कधीही सोडू नका. त्यात जनावरांबरोबर माणसंही मेली आहेत.

ठेवीबद्दल. मुदतीआधी मोडलीत तर बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, तेव्हा मुदत संपू द्या. संपल्यावर मात्र सगळी रक्कम त्याच सहकारी बँकेत परत ठेवू नका. ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे, तुमचे 4 लाख उघडे आहेत. 2,20,000 कुंपणाला, साडेचार लाख दुसऱ्या बँकेत एक वर्षासाठी, आणि उरलेले 2,30,000 घरच्या अडीअडचणीला हाताशी. वर्षभराने मुलीचे गुण वाढलेले असतील आणि महिन्याचं खातं तुटलेलं नसेल, तर ते साडेचार लाख रायफलीला द्या. खुशीने द्या.

शेवटी, पत्राच्या तळाशी तुम्ही ओझरतं लिहिलंय की वडिलांची पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली होती आणि ते वारल्यापासून तिथेच आहे. हे काम लांबणीवर टाकू नका. जमा केल्याची पावती, मृत्यूदाखला आणि भावंडांची लेखी संमती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जा. बंदूक वारसाच्या नावावर करून घ्यायची की तिची रीतसर विल्हेवाट लावायची, ते तिथे लिहून द्या. 2019 पासून साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून उद्या रायफलीचा परवाना मुलीच्या स्वतःच्या नावावर काढा आणि वडिलांची बंदूक तिच्या नावावर घालू नका. पावती सापडत नसेल तर ठाण्यातल्या नोंदवहीत जमा केल्याची तारीख काढून घ्या. निवडणूक कोणती होती एवढं आठवलं तरी नोंद शोधता येते.