आधी वकील उभा कर

प्रिय पोरी,

तुझ्या एकांकिकेचा खर्डा वाचला. शेवटचा धक्का तीनदा बदललास, तरी बसत नाही म्हणून हैराण आहेस. चौथ्यांदा बदललास तरी बसायचा नाही, कारण दुखणं दुसरीकडेच आहे. तुझा वकील अजून कागदावर जन्मलेलाच नाही. काळा कोट आणि ‘ऑब्जेक्शन, माय लॉर्ड’ एवढ्यावर माणूस उभा राहत नाही गं.

बिली वाइल्डरचा १९५७चा ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’ हा चित्रपट पुन्हा लाव. शेवटासाठी नको. (तो मी इथेही लिहीत नाही. कुणाला सांगू नका, अशी विनंती चित्रपटच करतो आणि मी ती पाळतो.) सुरुवात वही घेऊन बघ. खून, ८० हजार पौंडांचा वारसा, आरोपी लेनर्ड व्होल, सगळं थांबून राहतं. आधी येतात चार्ल्स लॉटनने रंगवलेले वकील सर विल्फ्रिड रोबार्ट्स. हृदयविकारातून उठून चेंबरमध्ये परतलेले, फौजदारी खटल्यांना डॉक्टरांची मनाई, पाठीशी नर्स मिस प्लिमसॉल. जिन्याला खुर्चीची लिफ्ट, काठीत लपवलेले सिगार, कोकोच्या थर्मासमध्ये ब्रँडी. चित्रपट ज्यावरून निघाला त्या अगाथा ख्रिस्तीच्या १९५३च्या नाटकात ही नर्स नाही, ती चित्रपटासाठी घातली. ज्याला तू ‘वेळकाढू विनोद’ म्हणालीस, त्याच्याच पायावर रहस्य उभं आहे.

कसं ते बघ. सर विल्फ्रिड व्होलचा खटला नाकारतात. तेवढ्यात तो खटला घेऊन आलेल्या सॉलिसिटर (कोर्टाबाहेरचं काम बघणारा वकील) मेह्यूच्या खिशातले सिगार दिसतात, म्हणून त्याला आत घेतात. सिगार पेटवायला काही नाही, म्हणून आरोपीला आत बोलावतात. व्होल त्यांच्यासमोर येतो तो सिगारच्या हावेपायी! इथून आपण आरोपीकडे वकिलाच्या डोळ्यांनी बघायला लागतो. मग सर विल्फ्रिडांच्या मोनोकलची, म्हणजे एका डोळ्याच्या चष्म्याची, कसोटी. काचेवरून उजेड समोरच्याच्या तोंडावर पाडायचा आणि तो बिचकतो का बघायचं. व्होल सरळ बोलत राहतो. नंतर त्याच्या बायकोवर, क्रिस्टिनवर, तीच कसोटी होते तेव्हा ती उठून पडदा ओढते. वकिलाचं मत तिथे बनतं आणि त्याच्या मागोमाग आपलंही. पुढचे सगळे फासे त्या मतावर पडतात. म्हणून घसा कोरडा करतोय, आधी वकील उभा कर.

कोर्टातही तेच. खून झालेल्या बाईची मोलकरीण जॅनेट मॅकेन्झी सांगते, बंद दाराआडून आरोपीचा आवाज ऐकला. सर विल्फ्रिड तिला खोटारडी म्हणत नाहीत. श्रवणयंत्रासाठी तिने सरकारी आरोग्यसेवेकडे अर्ज केला होता का, हा प्रश्न मुद्दाम हळू आवाजात विचारतात. तिला तो ऐकू येत नाही. मग मोठ्याने विचारून अर्जाचं कबूल करवून घेतात. काम झालं. तुझा वकील मात्र पान-पानभर भाषण ठोकतो! उलटतपासणीत एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर काय येईल ते वकिलाला ठाऊक नसेल तर तो प्रश्नच नको. भाषण अंतिम युक्तिवादासाठी ठेव. मधल्या वेळात त्याच्या हातांना काम दे. सर विल्फ्रिड साक्षी चालू असताना समोर गोळ्या मांडत बसतात, तसं काहीतरी त्याचं स्वतःचं शोध.

बायको सरकार पक्षाकडून उभी राहते, ही कल्पना तू मुंबईच्या सत्र न्यायालयात जशीच्या तशी आणलीस. चालायची नाही. तिकडे धक्का बसतो, कारण त्या काळच्या इंग्रजी कायद्यात बायकोला नवऱ्याविरुद्ध सहसा साक्षीला आणता येत नसे. क्रिस्टिनचं जर्मनीतलं आधीचं लग्न कायम होतं, म्हणजे व्होलशी झालेलं लग्नच अवैध, म्हणून ती मोकळी. आपल्याकडे फौजदारी खटल्यात आरोपीची बायको मुळातच सक्षम साक्षीदार असते. संरक्षण आहे ते लग्नाच्या काळात दोघांत झालेल्या बोलण्याला. तिथे काही सापडतंय का बघ. आणि ती ज्यूरी काढ, आपल्याकडे ती केव्हाच गेली.

मी शेवटाला कमी लेखतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. नुसत्या धक्क्यावर रचलेल्या संहिता दुसऱ्या वाचनात कोसळतात आणि त्यात फुकट गेलेली हुशारी बघून जीव तुटतो. तुझी तशी जाऊ नये एवढ्यासाठी हा हट्ट, तो मी सोडणार नाही.

आरोपीची कैफियत पहिल्या पानावरून उचल. तिथे दोन पानं फक्त वकील. त्याला कशाची मनाई आहे, ती तो कशी मोडतो, आणि माणूस पारखायची त्याची अशी कोणती खोड आहे जिच्यावर त्याचा फाजील विश्वास आहे. ती पानं रविवारपर्यंत पाठव. शेवट सध्या कोराच ठेव.