पाइनच्या सुयांमधले शिसे आणि कॅडमियम मोजताना दरवेळी आकडे वेगळे का येतात? सुया धुवाव्यात का?

आयसीपी-एमएसवर (द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर) शंका घेण्याआधी सुया झाडावरून कशा काढल्या ते बघा. आकडे हलतात ते बहुतेक तिथेच.

सर्वात जास्त घोळ होतो सुयांच्या वयात. शिसे, लोह, ॲल्युमिनियम सुई जुनी होईल तसे साठत जातात, त्यामुळे चालू वर्षाच्या आणि गेल्या वर्षाच्या सुया एकाच पिशवीत गेल्या की तो आकडा कशाचाच राहत नाही. फांदीवरच्या वाढीच्या टप्प्यांवरून वय ओळखा आणि तिथेच वेगळ्या पिशव्या करा. नमुना मुकुटाच्या (झाडाच्या फांद्या-पानांच्या घेराच्या) वरच्या एक-तृतीयांश भागातून, झाडाची वाढ थांबलेली असताना घ्यायचा. एका ठिकाणची किमान 5 झाडं घ्या आणि शक्यतो प्रत्येक झाड स्वतंत्र मोजा. दोन झाडांमधला फरक यंत्राच्या चुकीपेक्षा सहज मोठा असतो, पण नमुने एकत्र केले की तो दिसतच नाही. जस्ताचा मुलामा असलेली कात्री आणि पावडरवाले हातमोजे वापरू नका. दोन्हींतून जस्त येतं.

धुवायचं की नाही, हे प्रश्नावर अवलंबून आहे. हवेतून एकूण किती धातू बसला हे हवं असेल तर धुवू नका. सुईच्या आत किती आहे हे हवं असेल तर धुवा, पण डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात मिनिटभरच. जास्त वेळ ठेवलं तर पोटॅशियम, मँगनीज आतूनही निघतात. मेणात रुतलेली धूळ पाण्याने जात नाही, त्यासाठी क्लोरोफॉर्म लागतो (फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). मी नमुन्याचे दोन भाग करून एक धुतलेला, एक न धुतलेला असे मोजतो. सोबत टायटॅनियमही मोजा. ते वाढलेलं असेल तर तुम्ही मातीच मोजताय.

सुया 60–70 अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत वाळवा. पारा मोजायचा असेल तर 40 च्या वर जाऊ नका. दळायला अगेट (अकीक दगड) किंवा झिरकोनियाची (कठीण सिरॅमिकची) भांडी वापरा. स्टीलच्या चक्कीतून क्रोमियम आणि निकेल मिसळतं, आणि ते नंतर कशानेही वजा करता येत नाही.

डायजेशनसाठी (भुकटी आम्लात विरघळवण्यासाठी) 0.5 ग्रॅम भुकटी, 7 मिली उच्च शुद्धतेचं संहत नायट्रिक आम्ल आणि 1 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण लगेच लावू नका, अर्धा तास फेस बसू द्या. राळेमुळे सुरुवातीची अभिक्रिया जोरात होते. मग मायक्रोवेव्हमध्ये 190–200 अंशांवर 20 मिनिटं, थंड करून पाण्याने एकूण 50 मिली करा. स्टँडर्ड द्रावणं (यंत्र जुळवायची, धातूचं प्रमाण माहीत असलेली) तेवढ्याच आम्लात करा.

आता ब्लँकचं, म्हणजे सुया न घालता केलेल्या नमुन्याचं गणित. 0.5 ग्रॅमचं 50 मिली म्हणजे 100 पट विरलन. सुयांत शिसे 0.17 मिग्रॅ/किग्रॅ असेल तर द्रावणात ते जेमतेम 1.7 मायक्रोग्रॅम/लिटर. ब्लँकमध्ये 0.3 आलं तर सहाव्या हिश्श्याहून जास्त 'शिसं' तुमच्या भांड्यांचं किंवा आम्लाचं आहे. म्हणून सगळी भांडी 10% नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवायची आणि प्रत्येक बॅचमध्ये किमान 3 ब्लँक पूर्ण प्रक्रियेतून न्यायचे. नुसतं पातळ आम्ल यंत्रात सोडणं म्हणजे ब्लँक नव्हे.

प्रत्येक बॅचमध्ये एनआयएसटीचा (अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा) पाइनच्या सुयांचा प्रमाणित नमुना 1575ए ठेवा. त्यात कॅडमियम 0.233 आणि जस्त 38 मिग्रॅ/किग्रॅ आहे. ही दोन्ही नीट आली तरी क्रोमियमवर लगेच विश्वास नको: उरलेल्या कार्बनमुळे 52 या वस्तुमानावर, जिथे क्रोमियम मोजतात, आर्गॉन-कार्बनचा खोटा संकेत येतो, म्हणून यंत्रातला हेलियम कोलिजन सेल (असे खोटे संकेत गाळणारा कक्ष) चालू ठेवा.

तळाशी पांढरट साका राहिला तर ती सिलिका. ॲल्युमिनियम, टायटॅनियमचा काही भाग त्यात अडकतो आणि तो सोडवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. फक्त शिसे-कॅडमियमसाठी त्या धोकादायक आम्लाच्या वाटेला जाऊ नका. साका गाळून टाका आणि तक्त्यात 'नायट्रिकमध्ये विरघळणारा भाग' असं लिहा.