गाईला दर महिन्याला व्हिटॅमिनचे इंजेक्शन द्यावे का?

उन्हाळ्यात आपल्या दोन संकरित गाईंना ताकदीसाठी दर महिन्याला व्हिटॅमिनचे इंजेक्शन द्यावे का आणि कोणते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सरसकट मुळीच देऊ नये. ब गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व गाईच्या कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव स्वतः तयार करतात, क तिच्या यकृतात तयार होते आणि ड उन्हातून मिळते. विदर्भात उन्हाची वानवा नाही. टंचाई असते ती अ जीवनसत्त्वाची, कारण होळीनंतर गोठ्यात कडबा आणि सोयाबीन-तुरीचे कुटार एवढेच उरते आणि त्यात हिरवेपणा नावालाही नसतो.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. थोरल्या भावांचा सुईवर गाढ विश्वास. आमची जर्सी संकरित गाय तिसऱ्या वेताला गाभण असताना त्यांनी शेवटच्या महिन्यात तिला रोज कॅल्शियमचे टॉनिक पाजले आणि वर गावात सायकलीवर फिरणाऱ्या माणसाकडून लाल औषधाची इंजेक्शनेही टोचून घेतली. मी विरोध केला, तेव्हा दोन पुस्तके वाचून गुरे पाळता येत नाहीत, असे ऐकून घ्यावे लागले. गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेना. मान वळवून तिने कुशीवर टेकवली होती, नाकपुडी कोरडी पडली होती आणि ऐन वैशाखात कान हाताला गार लागत होते. भाऊ पुन्हा त्याच माणसाला बोलावू लागले. मी तालुक्याच्या पशुवैद्यकांना फोन केला. हा दुग्धज्वर होता, ज्यात नावात ज्वर असला तरी ताप नसतोच. डॉक्टरांनी कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली मानेच्या शिरेतून अगदी सावकाश सोडली आणि सारा वेळ हृदयाचे ठोके ऐकत राहिले, कारण घाई केल्यास हृदय बंद पडू शकते. बाटली संपत आली तशी कातडी थरथरली, गाईने ढेकर दिला, शेण टाकले आणि थोड्या वेळाने ती उभी राहिली. गाभणपणी जास्त कॅल्शियम दिले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची सवय मोडते आणि चीक सुटताच रक्तातले कॅल्शियम घसरते, असे डॉक्टरांनी भावांना समोरच सांगितले. त्यावर भाऊ म्हणाले, “सुईनंच उठली ना मंग?”

आपण रोज प्रत्येक गाईला ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडे मीठ द्यावे. गाय चिंध्या किंवा हाडे चघळत असेल, तर बहुधा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असते. त्यावर व्हिटॅमिन टोचून काही होत नाही. विहिरीला पाणी असल्यास हिरव्या चाऱ्यासाठी बांधाकडेला नेपियर गवत लावावे. मात्र पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी घालू नये, तिने विषबाधा होते.

गोचीडतापातून उठलेल्या किंवा बरेच दिवस चारा सोडलेल्या जनावराला बी-कॉम्प्लेक्सचा उपयोग होतो, आणि कित्येक महिने हिरवे न मिळालेल्या गाभण गाईला अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन लागू शकते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवावे. इंजेक्शनाचा खर्च दुधातून निघतो, असे आमचे भाऊ अजूनही म्हणतात. त्यांनी तेवढ्याच पैशात दोन गुंठे नेपियर लावून एकदा दोन्ही हिशेब शेजारी मांडावेत, असे मी त्यांना कित्येकदा सुचवले आहे, पण तो कागद त्यांनी अद्याप केलेला नाही.